लंडनला गेल्यावर आधी आपली पेठ शोध

विचारणारी मुलगी कागलजवळच्या एका गावातली आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग कोल्हापुरात इंजिनिअरिंग, आणि आता सप्टेंबरपासून लंडनच्या मध्यवस्तीतल्या एका विद्यापीठात एक वर्षाचं एमएस्सी. तिचा प्रश्न थोडक्यात असा: "व्हिसाचं काम झालंय, खोली अजून ठरलेली नाही. तिथं ओळखीचं कुणी नाही. एवढ्या गर्दीच्या शहरात, मराठी माध्यमातून आलेली मी रुळेन का? आईला जेवणाची काळजी आहे. वडील म्हणतात, तिथं काम करून कर्जाचा हप्ता निघेल. मॅडम, मी नेमकं काय धरून चालू?"

तुझं सगळं वाचलं, पण 'खोली अजून ठरलेली नाही' या वाक्यावर मी थांबले. बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, याला नाही. म्हणून आधी खोलीचंच बोलते.

मी स्वतः २००३ साली कोल्हापूरच्या राजारामपुरीतून लंडनला शिकायला गेले. शिक्षण झाल्यावर तिथल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्ला केंद्रात नऊ वर्षं काम केलं. परत आल्यापासून कोल्हापूर, सांगलीकडच्या मुलामुलींशी ती जाण्याआधीही बोलते आणि गेल्यावरही. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर बसून रडलेल्या मुलांत अभ्यास झेपत नाही म्हणून रडणारी फार थोडी होती. राहायची जागा धड नाही, खिशात पैसे नाहीत, बोलायला माणूस नाही, ही खरी कारणं. अभ्यास त्यामागोमाग बिघडतो.

हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको खरं तर. शाहू महाराजांनी शिक्षणाचा विचार केला तेव्हा त्यांनी नुसत्या शाळा पाहिल्या नाहीत. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात शिकायला टिकायचा तर त्याला आधी अंथरूण टाकायला जागा आणि दोन वेळची भाकरी पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजातली मुलं, अशी एकेकासाठी वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकात उभी राहिलीस तर त्यातली काही आजही दिसतील. तुझ्या गावातून कागल, कागलातून कोल्हापूर हा प्रवास तू केलास, तेव्हाही आधी हॉस्टेल बघितलं होतंस ना? तोच क्रम आताही ठेव.

तर आज संध्याकाळी विद्यापीठाच्या निवास विभागाला मेल टाक. मुदत टळली असली तरी प्रतीक्षा यादीत नाव घाल. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये बरीच मुलं येणं रद्द करतात, खोल्या सुटतात, आणि ज्यांनी सारखं विचारलंय त्यांना त्या मिळतात. पहिल्या वर्षासाठी विद्यापीठाचा हॉल, म्हणजे तिथलं वसतिगृह, महाग वाटला तरी मी तोच सुचवते. वीज, पाणी, इंटरनेट भाड्यात येतं, खाली चोवीस तास माणूस असतो, आणि स्वयंपाकघर पाच-सात जणांत सामायिक असतं. स्वतंत्र स्वयंपाकघराची खोली घेऊ नकोस. पोरी ती हौसेनं घेतात आणि नोव्हेंबरपर्यंत त्या चार भिंतींत एकट्या बसतात.

हॉल नाहीच मिळाला तर खासगी घर बघावं लागेल, आणि इथं माझं म्हणणं अगदी कडक आहे: घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पौंड पाठवायचा नाही. करवीर तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. फोटो बघून, फोनवर गोड बोलणाऱ्या माणसाला डिपॉझिट आणि महिन्याचं भाडं पाठवून तो विमानात बसला. त्या पत्त्यावर घर होतं, पण त्यात भलतंच कुटुंब राहत होतं. 'मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरनं पाठवतो' असं कुणी म्हणालं की तिथंच थांब. त्यापेक्षा पहिले दहा-बारा दिवस एखाद्या चांगल्या हॉस्टेलमध्ये किंवा ओळखीतल्या ओळखीत काढ आणि तिथून घरं बघत फीर.

कायदा भाडेकरूच्या बाजूनं बऱ्यापैकी आहे, पण तो आपल्याला माहीत पाहिजे. इंग्लंडमध्ये साधारण भाड्याच्या घराला पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही. खोली राखून ठेवायला म्हणून फार तर एका आठवड्याचं भाडं घेता येतं. डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत घरमालकानं ते सरकारमान्य योजनेत जमा करायचं असतं आणि त्याची माहिती तुला लेखी द्यायची असते. मात्र मालक स्वतः त्याच घरात राहत असेल आणि तू एक खोली घेतलीस, तर हे शेवटचं संरक्षण लागू नसतं. म्हणून तिथं जास्त रक्कम अडकवू नकोस. सही करण्याआधी करारपत्र विद्यार्थी संघाच्या सल्ला केंद्रात दाखव. ते फुकट वाचून देतात. मी नऊ वर्षं तेच केलं, आणि मुलं सही करून झाल्यावर यायची याचं मला आजही वाईट वाटतं. आणखी एक: पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तिथला काउन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, नसतो. पण घरात एकजण जरी नोकरी करणारा असला तर त्या घराला बिल येतं. कोण कोण राहतंय हे आधीच विचार.

घर किती लांब घ्यायचं? वेंबली, हॅरो, हाउन्स्लो, ईस्ट हॅम या भागांत आपली माणसं आहेत, दुकानं आहेत, भाडंही मध्य लंडनपेक्षा कमी आहे. पण दारापासून वर्गापर्यंत पाऊण तासाच्या वर जाऊ देऊ नकोस. विद्यार्थी मंडळांचे कार्यक्रम संध्याकाळी सहा-सातला सुरू होतात. दीड तास लांब राहणारी मुलगी पाचलाच बॅग उचलते, आणि ज्या दोन तासांत मैत्री व्हायची ते दोन तास तिच्या वाट्याला येतच नाहीत. भाड्यात वाचलेल्या पैशांचा बराच भाग प्रवासात जातो तो वेगळाच.

आता तुझा खरा प्रश्न, रुळेन का.

शिवाजी विद्यापीठाचा परिसर साडेआठशे एकरांचा. फाटकातून आत गेलं की आपण विद्यापीठात असतो; झाडं, रस्ते, कँटीन, सगळं आपलं. लंडनच्या मध्यवस्तीतल्या विद्यापीठांना असं फाटक नाही. ब्लूम्सबरी, स्ट्रँड, होलबर्न या भागांत एक इमारत विद्यापीठाची, पुढची वकिलांची, त्यापुढचं हॉटेल. वर्ग सुटला की मुलं रस्त्यावर येतात आणि पाच मिनिटांत ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, जिन्यानं खाली नाहीशी होतात. लहान गावातल्या विद्यापीठात माणसं सारखी आपोआप भेटत राहतात, तसं इथं होत नाही. पहिल्या महिन्यात मुलांना वाटतं की आपल्यातच काही कमी आहे म्हणून कुणी थांबत नाही. तसं काही नसतं. शहराची रचनाच अशी आहे.

यावर मला एकच उपाय माहीत आहे आणि तो कोल्हापुरातलाच आहे. इथला माणूस स्वतःला नुसता कोल्हापूरचा कधी म्हणत नाही. तो शिवाजी पेठेचा असतो, मंगळवार पेठेचा असतो, उत्तरेश्वरचा असतो. त्यातही त्याची तालीम ठरलेली असते. रोज एका वेळेला तिथं गेलं की चार तोंडं ओळखीची होतात आणि मग अडीनडीला तीच धावून येतात. लंडनही असंच पेठांचं गाव आहे. सगळं लंडन आपलंसं करायला जाऊ नकोस. एक पेठ धर: तुझा हॉल, त्याच्या आसपासचे चार रस्ते, एक भाजीचं दुकान, ग्रंथालयातलं एक ठरावीक टेबल, आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वाराला जायचं एक मंडळ.

मंडळाचं जरा सविस्तर सांगते, कारण इथंच मुलं चुकतात. सुरुवातीच्या आठवड्यात मंडळांची जत्रा भरते. तिथं शेकडो टेबलं असतात, नाटकाची, गिर्यारोहणाची, बुद्धिबळाची, होडी वल्हवण्याची, देशोदेशीची. नवी मुलं पंधरा ठिकाणी मेल लिहून देतात आणि एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा जात नाहीत. तू दोनच निवड. एक जिथं हातापायांना काम आहे, म्हणजे खेळ, चालणं, स्वयंपाक, काहीही. तिथं इंग्रजी अडखळलं तरी चालतं. दुसरं तुझ्या विषयाचं. आणि सलग सहा वेळा जा. पहिल्या तीन वेळा तुला परत यावंसं वाटेल, चौथ्या वेळी कुणीतरी तुझं नाव घेऊन हाक मारेल. हे मी इतक्यांदा होताना पाहिलंय की खात्रीनं सांगते.

आपल्या माणसांचं काय? महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ साली न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं सुरू झालं. डॉलिस हिल भागात त्यांची स्वतःची वास्तू आहे, गणपती तिथं बसतो. जरूर जा. तू पोचशील ते दिवस गणपतीच्या आसपासचेच असतील आणि मोदक हातात पडल्यावर काय वाटतं ते मी सांगायला नको. पण राहणं, जेवणं, फिरणं, अभ्यास, चारही आपल्याच लोकांबरोबर असं करू नकोस. चार मराठी मुली एका घरात राहिल्या आणि वर्षभरात तिघींचं इंग्रजी होतं तिथंच राहिलं, असं मी पाहिलंय. उलट 'मला आपल्या लोकांत मिसळायचंच नाही' असं ठरवून गेलेली मुलगी फेब्रुवारीत आजारी पडली तेव्हा तिच्या दाराशी डबा घेऊन कुणी आलं नाही, हेही पाहिलंय. घर मिश्र असावं आणि सणवार आपल्या माणसांत व्हावेत, असं माझं मत आहे.

एक जागा मात्र पहिल्याच महिन्यात बघून ये. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं राहत होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. १९२० साली ते पुन्हा गेले, त्यात आपल्या शाहू महाराजांच्या आर्थिक मदतीचा वाटा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेब एकत्र आलेली माणगावची परिषद झाली होती, ते माणगाव तर तुझ्याच बाजूचं. महाराष्ट्र शासनानं २०१५ साली ते घर घेतलं आणि आता तिथं स्मारक आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत जाता येत नव्हतं. समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभी राहिले आणि परतताना माझी भीती कमी झाली होती.

मराठी माध्यमाची काळजी तू लिहिलीस. बोलण्यापेक्षा ऐकणं अवघड जाईल, ते आधीच सांगून ठेवते. वर्गात स्कॉटलंडचा प्राध्यापक, नायजेरियाचा मित्र, ग्रीक शिक्षिका, प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं. तीन-चार आठवड्यांत कान बसतो. बहुतेक विद्यापीठांत व्याख्यानं रेकॉर्ड होतात, ती रात्री पुन्हा ऐक. शैक्षणिक लेखनाचे मोफत वर्ग असतात, ते कमीपणा न मानता लाव. तिथं जर्मन आणि जपानी मुलंही बसलेली असतात. चर्चेच्या तासाला एक प्रश्न घरून लिहून ने आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच विचार. अर्धा तास गप्प बसलं की मग तोंड उघडणं जड होत जातं.

आणि एक बारीकशी गोष्ट. मराठीत आपण 'पाणी देता का' म्हणतो, त्या 'देता का'मध्येच आर्जव असतं. त्याचं सरळ इंग्रजी केलं की हुकूम वाटतो आणि समोरचा दुखावतो, तुला कळतही नाही का ते. दुकानात, बसमध्ये, ऑफिसात 'प्लीज' आणि 'थँक्यू' सढळ हातानं वापर. प्राध्यापकांना पहिल्या नावानं हाक मारायची असते, ते सुरुवातीला आपल्या जिभेवर येत नाही. पण ते स्वतः तसं म्हणाले असतील तर तसंच म्हण.

गुणांबद्दल नीट ऐक. तिथं ७० आणि वर म्हणजे डिस्टिंक्शन, साठीच्या घरात मेरिट, पन्नासला पास. इथं ८२ टक्के मिळवलेल्या एका मुलाला पहिल्या निबंधाला ६१ मिळाले. त्यानं दोन दिवस दार उघडलं नाही. ते गुण चांगले होते! त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुझं एमएस्सी १८० क्रेडिटचं असेल, आणि त्यातला मोठा वाटा, बहुधा ६० क्रेडिट, उन्हाळ्यातल्या प्रबंधाचा असेल. वर्ष फार लवकर संपतं. ऑक्टोबरमध्ये 'अजून खूप वेळ आहे' असं वाटतं आणि डिसेंबरात तीन निबंध एकदम अंगावर येतात.

दुसऱ्याचं वाक्य संदर्भ न देता घेतलं की ती चोरी धरली जाते आणि प्रकरण चौकशीपर्यंत जातं. आपल्याकडे नोट्समधून उतरवायची सवय असते. ती विमानात बसायच्या आधी सोड. आजारी पडलीस, घरी काही वाईट घडलं, तर मुदत वाढवून मागायची सोय असते, पण अर्ज मुदतीच्या आधी करायचा. नंतर आलेल्या मुलांसाठी आम्हाला फार थोडं करता यायचं. आणि वर्गाला दांडी मारू नकोस: व्हिसा विद्यापीठाच्या जबाबदारीवर असतो आणि हजेरीची नोंद ठेवावी लागते.

आता वडिलांचा मुद्दा. त्यांना हे जपून, पण स्पष्ट सांग. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षं आणि त्यावरच्या कामगाराला ताशी किमान १२.७१ पौंड आहेत. वीस तासांचे झाले २५४. मध्य लंडनमधल्या हॉलच्या साध्या खोलीचं आठवड्याचं भाडं जवळपास तेवढंच जातं. म्हणजे कामातून खोलीभाड्याला किंवा जेवणाखाण्याला टेकू मिळेल, शिक्षणकर्जाचा हप्ता निघणार नाही. त्यातही पहिले सहा आठवडे काम शोधूच नकोस. आणि एमएस्सीच्या मुलांना उन्हाळा सुट्टीत धरला जात नाही, प्रबंध चालू असतो, त्यामुळे वीस तासांची मर्यादा तेव्हाही राहते. हे न कळून जून महिन्यात पूर्णवेळ कामाला लागलेली मुलं अडचणीत आली आहेत.

सायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवण्याचं काम सगळ्यात सहज मिळतं असं तुला कुणीतरी सांगेल. ते करू नकोस. ते स्वयंरोजगारात मोडतं आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. दुसऱ्याच्या खात्यावरून करणं तर त्याहून वाईट. विद्यापीठातच ग्रंथालय, कँटीन, विद्यापीठ बघायला येणाऱ्यांसाठीच्या खुल्या दिवसांचे मदतनीस अशी कामं निघतात. ती आधी बघ. शिक्षणानंतर राहून काम करायच्या व्हिसाचाही हिशेब वडिलांपुढे ठेव. पूर्वी त्याला दोन वर्षं मिळायची. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एमएस्सीवाल्यांना १८ महिनेच मिळणार आहेत.

पैशांबाबत माझी स्वतःची एक चूक सांगते. मी पहिल्या महिन्यात प्रत्येक गोष्टीचे रुपये करायचे. सफरचंद उचललं की गुणाकार, आणि मग ते परत ठेवायचं. तीन आठवडे ब्रेड आणि चहावर काढले आणि चौथ्या आठवड्यात चक्कर येऊन जिन्यात बसले. पौंडांचा हिशेब पौंडांतच कर. महिन्याची रक्कम ठरव, चार आठवड्यांत वाट, आणि खाण्याचे पैसे आधी बाजूला काढ. तिथलं बँक खातं उघडायला विद्यापीठाचं पत्र लागतं आणि कधी कधी दोन-तीन आठवडे जातात, तेवढ्यापुरती सोय इथून फॉरेक्स कार्डवर करून ने.

प्रवासाचं पटकन. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख चालत नाही. कोल्हापूरच्या केएमटी बससारखे सुटे पैसे काढून उभी राहू नकोस. कार्ड टेकवायचं. बसला चढताना एकदाच, ट्यूबला आत जाताना आणि बाहेर पडतानाही. बाहेर पडताना विसरलीस तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. एका तासाच्या आत बस बदलली तर दुसऱ्या बसचे पैसे लागत नाहीत. पूर्णवेळ विद्यार्थ्यांचं १८ प्लस ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड काढ, आठवड्याच्या आणि महिन्याच्या पासावर ३० टक्के सूट आहे. फक्त अधूनमधून जाणार असशील तर पासाऐवजी १६-२५ रेलकार्ड हे सवलतीचं कार्ड काढून ते ऑयस्टरला जोडून घे, गर्दीची वेळ सोडून ट्यूबचं भाडं एक तृतीयांशानं कमी होतं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं.

व्हिसाचं आता प्लास्टिकचं कार्ड नसतं, सगळं ऑनलाइन खात्यात असतं. त्या खात्यात तू नेणार तोच पासपोर्ट जोडलेला आहे ना, ते निघण्याआधी तपास. घरमालक आणि काम देणारा, दोघंही त्या खात्यातून निघणारा कोड मागतात.

आईची काळजी जेवणाची. त्यांना सांग, उपाशी राहायची नाहीस. वेंबलीच्या ईलिंग रोडवर, टूटिंगला, साउथॉलला डाळी, तांदूळ, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं. महिन्यातून एकदा मैत्रिणींनी मिळून जायचं आणि पिशव्या भरून आणायच्या. इथून न्यायची ती कांदा-लसूण चटणी, चांगली कोरडी, दोन पिशव्यांत हवाबंद करून, आणि भडंग. तूप, पेढे, खवा बॅगेत घालू नका. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला तिथं बंदी आहे. छोटा कुकर मात्र ने, त्याच्यामुळे वर्षभर वरण-भात निभावतो.

आणि फोडणी! हॉलच्या स्वयंपाकघरात बहुधा उष्णतेवर वाजणारा अलार्म असतो आणि बाहेरच्या मार्गिकेत धुरावर वाजणारा. आपली मुलगी मिरचीचा ठसका लागला की दार उघडते, धूर बाहेर जातो आणि तो बाहेरचा अलार्म वाजतो. मग तीनशे मुलं रात्री अकराला रस्त्यावर थंडीत. दार बंद ठेव, खिडकी उघड, पंखा चालू कर, तेल मंद आचेवर तापव आणि झाकण हातात ठेव. एवढं जमलं की तुझं स्वयंपाकघर हीच मैत्रीची जागा होईल. आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी भात-आमटी टाक. ज्या मजल्यावर कुणीतरी असा पुढाकार घेतो तिथलं वातावरण वर्षभर वेगळं असतं.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरकडे, नाव नोंदव. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंडांच्या दरानं तू आरोग्य अधिभार भरलेला आहेस, तपासणीचे वेगळे पैसे नाहीत. आजारी पडल्यावर नोंदणी करायला गेलं तर तापात फॉर्म भरत बसावं लागतं. तातडीला ९९९, आणि तातडी नसेल पण काय करावं कळत नसेल तर १११.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि मग जे सुरू होतं त्याची कल्पना इथं बसून येत नाही. डिसेंबरात दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो. कोल्हापुरात सगळ्यात छोटा दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, तिथं आठाच्याही आत. मुलं म्हणतात, मॅडम, काही झालेलं नाही तरी रडू येतं. शरीराला उजेड मिळत नाही, त्याचा हा परिणाम असतो. सकाळी उठल्यावर खिडकीत बस, दुपारी बारा-एकला अर्धा तास बाहेर चाल, पाऊस असला तरी. हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावं असं तिथली आरोग्यसेवाच सांगते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी तर वर्षभर घेण्याचा विचार करावा असं म्हणते. ती गोळी कुठल्याही दुकानात स्वस्त मिळते.

तरीही दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण गेलं, खोलीतून बाहेर पडावंसंच वाटेना, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. तिथं गेल्याची नोंद गुणपत्रिकेवर येत नाही, घरीही कळवली जात नाही. रात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर लंडन नाइटलाइनवर विद्यार्थीच फोन घेतात, आणि समॅरिटन्स या मदतसंस्थेचा ११६ १२३ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. हे नंबर आजच फोनमध्ये घाल. तशा रात्री शोधायची ताकद नसते.

घरच्यांशी फोनची वेळ ठरवून घे. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार. इथं रात्री दहा म्हणजे तिथं हिवाळ्यात संध्याकाळचे साडेचार. आठवड्यातून तीनदा अर्धा तास निवांत बोल. दिवसभर व्हिडिओवर राहू नकोस, नाहीतर मन कागलात आणि अंग लंडनात अशी गत होते. आणि आई-वडिलांना आत्ताच सांगून ठेव की तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात मी एकदा तरी फोनवर रडणार आहे, तेव्हा 'परत ये' म्हणू नका, नुसतं ऐकून घ्या. मी हे प्रत्येक घरी सांगते. ज्या घरांनी ऐकलं त्यांच्या मुली टिकल्या.

शेवटी नाताळ, कारण त्याचं कुणी सांगत नाही. डिसेंबरच्या मध्यावर हॉल रिकामे होतात, तिथली मुलं आपापल्या घरी जातात. २५ तारखेला लंडनमध्ये ट्यूब नाही, बस नाही, बहुतेक दुकानं बंद. एवढं गजबजलेलं शहर एका दिवसात सुनं पडतं आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना तो दिवस फार जड जातो. नोव्हेंबरातच बघून ठेव की तुझ्या हॉलमध्ये कोण कोण थांबतंय. कुणी चीनचा असेल, कुणी घानाचा, कुणी नागपूरचा. २४ ला दुपारीच भाजी, दूध, तांदूळ आणून ठेव आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला सगळ्यांना तुझ्या स्वयंपाकघरात बोलाव. तांबडा रस्सा कर, पण त्यांच्यासाठी चटणी निम्मी घाल.